महोत्सवातून चित्रपटगृहाकडे : ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’चा प्रवास आणि विनोदाची भाषा

‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत गाजल्यावर दादासाहेब फाळके तो चित्रपट घेऊन सुरतेला गेले. त्या वेळची एक हकिकत चित्रपटाच्या इतिहासात नेहमी सांगितली जाते. पहिल्या दिवसाचा गल्ला जमला अवघा ३ रुपये. सुरतेचा प्रेक्षक २ आण्यांत सहा तास नाटक पाहणारा होता. तो ३ आणे मोजून तेवढ्याशा वेळेचा खेळ कशाला पाहील? खेळ तरी लांबवा नाहीतर दर तरी उतरवा, असा सल्ला मिळाला. फाळक्यांनी दोन्ही केले नाही. त्यांनी जाहिरात बदलली. ५७,००० छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र आणि हे सारे फक्त ३ आण्यांत, असा नव्या जाहिरातीचा आशय होता. गल्ला ३०० रुपयांवर गेला, असे सांगतात.

या जाहिरातीचा हिशेब विद्यार्थ्यांनी एकदा मांडून पाहावा. ‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट होती. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फुटात १६ चौकटी बसतात. गुणाकार ५९,२०० येतो. म्हणजे छायाचित्रांचा आकडा खरा, किंबहुना थोडा कमीच सांगितलेला. मात्र एका मैलात ५,२८० फूट असतात. ३,७०० फूट म्हणजे पाऊण मैलही भरत नाही. सत्यवचनी राजाच्या चित्रपटाची जाहिरात अशी निम्मी खरी आणि निम्मी खोटी होती, आणि तिच्यामुळेच प्रेक्षक आले.

चित्रपट तयार करणे आणि तो लोकांपर्यंत नेणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि दुसऱ्या कामालाही भाषेची जाण लागते, हे या हकिकतीवरून ध्यानात येते. फाळक्यांच्या याच धडपडीवर जवळजवळ शंभर वर्षांनी परेश मोकाशी यांनी ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा विनोदी चित्रपट केला. त्यालाही स्वतःचा प्रेक्षक शोधत महोत्सवांतून चित्रपटगृहांपर्यंत यावे लागले. प्रस्तुत लेखात हा प्रवास पाहायचा आहे. विनोदी चित्रपट महोत्सवात एका प्रकारे हसवतो आणि आपल्या भाषेच्या प्रेक्षकात दुसऱ्या प्रकारे. हा फरक समजला, तर महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी भाषकांनी असे चित्रपट आपल्या गावी का आणि कसे आणावेत, हेही समजेल.

१. विषय आणि त्याची हाताळणी

फाळक्यांचे चरित्र वाचले तर ते विनोदाचा विषय वाटत नाही. जन्म १८७० सालचा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेनंतर ते बडोद्याच्या कलाभवनात शिकले. पुढे गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय केला. तेथे प्लेगच्या काळात पत्नी आणि मूल गेले. नंतर मुद्रणाच्या धंद्यात जम बसला, तर भागीदारांशी पटले नाही. १९११ मध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून त्यांनी चित्रपट काढण्याचा ध्यास घेतला. त्या ध्यासापायी डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दृष्टीच गेली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे केले आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये ते लंडनला निघाले. एवढ्या सामग्रीतून डोळ्यांत पाणी आणणारा चरित्रपट सहज झाला असता.

मोकाशी मूळचे रंगभूमीवरचे. ‘मुक्काम पोस्ट बोंबीलवाडी’ या त्यांच्या नाटकात हिटलर थेट कोकणातल्या खेड्यात येऊन पडतो. गंभीर गोष्टीकडे तिरप्या नजरेने पाहण्याची ही सवय त्यांनी फाळक्यांच्या बाबतीतही सोडली नाही. नंदू माधव यांनी उभे केलेले फाळके संकटांकडे कोडे म्हणून पाहतात. विभावरी देशपांडे यांच्या सरस्वतीबाई घरातल्या वस्तू एकेक करून विकल्या जात असताना रडत बसत नाहीत. त्या नवऱ्याच्या उद्योगात भागीदार होतात. आनंद मोडक यांचे संगीत आणि लगबगीची दृश्ये यांमुळे मूकपटांच्या काळातील विनोदाची आठवण होत राहते.

ही हाताळणी हेच चित्रपटाचे बळ ठरले, पण सुरुवातीला तीच त्याची अडचण होती. प्रसिद्ध तारे नाहीत, दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट, आणि थोर पुरुषाची गोष्ट हसत सांगायची! अशा कामाला पैसा लावणारा चटकन मिळत नाही. मोकाशींना निर्मात्यासाठी दीर्घकाळ थांबावे लागले आणि स्वतःची मालमत्ता गहाण ठेवावी लागली. विमा गहाण ठेवणाऱ्या माणसावरील चित्रपटासाठी मालमत्ता गहाण पडली, हा योगायोग कोणाच्याही लक्षात येईल.

२. महोत्सवातील हशा

स्वतंत्रपणे केलेल्या चित्रपटासाठी महोत्सव म्हणजे पहिले जाहीर वाचन. तेथे जाणकार, समीक्षक आणि वितरक एका ठिकाणी भेटतात. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ला पुण्याच्या आंतरराष्ट्रीय महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळाला. २००९ च्या सप्टेंबरमध्ये ऑस्करच्या परभाषिक चित्रपटांच्या विभागासाठी भारताची प्रवेशिका म्हणून त्याची निवड झाली. २००४ मध्ये संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला हा मान मिळाला होता. त्यानंतर तो मिळवणारा हा मराठी चित्रपट. पुढे २००८ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा सन्मानही मिळाला.

महोत्सवातला प्रेक्षक बहुधा सबटायटल वाचत चित्रपट पाहतो. शोकांतिकेला याचा फारसा त्रास होत नाही, कारण दुःख दोन सेकंद उशिरा पोहोचले तरी ते दुःखच राहते. विनोदाचे तसे नाही. तेथे वेळ चुकली की हशा चुकतो.

मराठीत ही अडचण आणखी एका कारणाने वाढते. आपल्या वाक्यात क्रियापद आणि नकार शेवटी येतात. चित्रपटाबाहेरचे, माझे स्वतःचे एक उदाहरण देतो. सावकारासमोर उभा राहिलेला माणूस म्हणतो, ‘तुमचे पैसे मी बुडवणार...’ आणि क्षणभर थांबून म्हणतो, ‘नाही.’ सावकाराचा जीव त्या क्षणभरात वर-खाली होतो आणि प्रेक्षक हसतो. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येतो, त्यामुळे हे वाक्य सरळ भाषांतरित केले की थांबण्याची जागाच उरत नाही. शिवाय सबटायटलची ओळ पडद्यावर एकदम उमटते. वाचणारा माणूस नट बोलून संपण्याच्या आधीच शेवटाला पोहोचतो. त्यामुळे सबटायटल वाचणारे आधी हसतात आणि भाषा ऐकणारे नंतर. चांगला भाषांतरकार अशा ठिकाणी ओळ तोडतो आणि शेवटचा शब्द पुढच्या ओळीसाठी राखून ठेवतो. भाषांतराच्या अभ्यासकांनी या कामाकडे गांभीर्याने पाहावे.

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ ही कसोटी उतरला, याचे कारण त्यातील विनोदाला दोन थर आहेत.

पहिला थर कृतीचा. फाळके वाटाण्याच्या अंकुराची वाढ रोज थोडी थोडी चित्रित करतात आणि मग पडद्यावर रोप भराभर वर येते. हे पाहताना बघणाऱ्यांचे चेहरे कसे होतात, ते समजायला कोणतीही भाषा लागत नाही. स्त्रीभूमिकेसाठी बायका मिळेनात म्हणून फाळके दारोदार हिंडतात, हेही कोणालाही कळते. अखेर तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या उपाहारगृहात काम करणाऱ्या पुरुषाने केली, हा तर इतिहासच आहे.

दुसरा थर भाषेचा आणि रीतीभातींचा. स्त्रीवेष घेणाऱ्या पुरुषांना मिशा काढायला सांगितल्यावर ते का अडून बसतात? परदेशी प्रेक्षकाला वाटते, पुरुषी ऐट आड येते. मराठी प्रेक्षकाला माहीत असते की जुन्या रीतीप्रमाणे वडील गेल्यावरच मिशी उतरवली जाई. जिवंत बापाच्या मुलाला मिशी काढायला सांगणे हा अपशकुन. दोघेही हसतात, पण दुसऱ्याच्या हसण्यात एक जास्तीची कळ असते.

या थराचे सर्वांत चांगले उदाहरण शीर्षकातच आहे. चित्रपटात काम करणे तेव्हा कमीपणाचे मानले जाई. म्हणून कोणी विचारले तर ‘हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत काम करतो’ असे सांगा, अशी फाळक्यांनी आपल्या माणसांना सूचना दिली होती. आता ‘हरिश्चंद्र’ हा शब्द आपल्या बोलण्यात कसा येतो ते आठवावे. ‘मोठा सत्यवादी हरिश्चंद्र लागून गेलास!’ हे आपण खोटे बोलणाऱ्यालाच ऐकवतो. ज्याचे नाव म्हणजेच सत्य, त्याच्याच नावाने लपवाछपवी करायची, हा या शीर्षकातला खरा विनोद. त्याला जोडलेला ‘फॅक्टरी’ हा इंग्रजी शब्द पुराण आणि गिरणीयुग यांना एका षष्ठीच्या प्रत्ययाने बांधतो. हे सारे सबटायटलच्या दोन ओळींत मावत नाही.

म्हणून असे म्हणावेसे वाटते की महोत्सवाने या चित्रपटाला मान दिला तो पहिल्या थरासाठी. दुसऱ्या थराला दाद मिळायची असेल, तर चित्रपटाने आपल्या माणसांत यायला हवे.

३. मान आणि मागणी यांच्यामधले अंतर

महोत्सवात गाजलेला चित्रपट आपोआप चित्रपटगृहात जात नाही. मध्ये वितरक लागतो. तो चित्रपटाच्या प्रती आणि जाहिराती यांवर खर्च करतो, प्रदर्शकांशी बोलणी करतो आणि तारीख ठरवतो. ही यंत्रणा विनोदी चित्रपटाच्या बाबतीत कशी चालते, याचे एक परिचित उदाहरण अमेरिकेतले आहे.

‘लिटल मिस सनशाइन’ हा सुमारे ८० लाख डॉलर खर्चाचा चित्रपट जानेवारी २००६ मध्ये सनडान्स महोत्सवात दाखवला गेला. एका मोडक्या व्हॅनमधून मुलीच्या सौंदर्यस्पर्धेसाठी निघालेल्या विस्कटलेल्या कुटुंबाची ती गोष्ट. फॉक्स सर्चलाइट या वितरण कंपनीने तो १ कोटी ५ लाख डॉलरला घेतला. जुलैअखेरीस त्याचे प्रदर्शन झाले ते न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथील फक्त ७ चित्रपटगृहांत. पाहणाऱ्यांनी इतरांना सांगितले, तशी चित्रपटगृहे वाढवली गेली आणि सप्टेंबरपर्यंत ती सुमारे १,६०० झाली. जगभरचे उत्पन्न १० कोटी डॉलरच्या पुढे गेले आणि पुढच्या वर्षी त्याला दोन ऑस्कर पुरस्कार मिळाले. या पद्धतीत वितरकाने पैशाइतकीच महत्त्वाची आणखी एक गोष्ट गुंतवली होती, ती म्हणजे वेळ. विनोदी चित्रपटाची खरी जाहिरात बाहेर पडणारा प्रेक्षक करतो, आणि त्याला ती करायला आठवडे लागतात.

मराठी चित्रपटाला हे आठवडे क्वचितच मिळतात. शुक्रवारी चित्रपट लागतो आणि रविवारच्या गल्ल्यावर पुढचा निकाल ठरतो. सोमवारी कोणी शेजाऱ्याला सांगावे, तर गुरुवारनंतर खेळच नसतो. त्यामुळे प्रदर्शनापूर्वीच चित्रपटाचे नाव लोकांच्या कानावर पडलेले असावे लागते. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’च्या बाबतीत हे काम महोत्सवांनी आणि ऑस्करच्या प्रवेशिकेने केले. वितरणासाठी यूटीव्ही मोशन पिक्चर्ससारखी मोठी कंपनी पुढे आली आणि २९ जानेवारी २०१० रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. ऑस्करच्या पुढच्या फेरीत तो गेला नव्हता. पण तोवर फाळक्यांवरचा एक हसवणारा मराठी चित्रपट आहे, ही वार्ता घरोघर पोहोचली होती. ज्या मानासाठी चित्रपट परदेशी गेला तो मिळाला नाही, आणि जाण्याच्या बातमीने मात्र घरचा प्रेक्षक मिळवून दिला.

४. आपल्या गावापर्यंतची पायरी

येथपर्यंतची गोष्ट पुण्या-मुंबईच्या वाचकाला पुरेशी आहे. आपल्याला ती पुरत नाही. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, बेळगाव किंवा पणजी येथे राहणाऱ्या मराठी माणसासाठी प्रदर्शनानंतर आणखी एक पायरी उरते.

महाराष्ट्र शासनाने मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटांना सोयीच्या वेळा मिळाव्यात म्हणून नियम केले. २०१५ मध्ये त्यावर मोठी चर्चाही झाली. हे नियम राज्याच्या सीमेपर्यंत चालतात. सीमेपलीकडे मराठी चित्रपट लागायचा तर तो मागणीच्या जोरावर, आणि मागणी मोजली जाते ती विकल्या गेलेल्या तिकिटांत. पडदा मिळाला तरी एखादाच खेळ मिळतो, तोही अडनिड्या वेळी. कामाला जाणारी माणसे येऊ शकत नाहीत, खुर्च्या रिकाम्या राहतात आणि ‘येथे मराठीला प्रेक्षक नाही’ असा निष्कर्ष निघतो. पुढचा चित्रपट मग लागतच नाही.

आता चित्रपट घरच्या पडद्यावर पाहता येतात, मग एवढी खटपट कशाला, असे कोणी विचारील. गंभीर चित्रपटाबाबत हा प्रश्न रास्त असेल. विनोदाबाबत नाही. हसणे ही सामुदायिक क्रिया आहे. शेजारचा का हसला हे न कळलेला माणूस घरी जाताना त्याला विचारतो, आणि तेथे भाषेचा धडा सुरू होतो. आपल्या मुला-नातवंडांपैकी अनेकांना मराठी ऐकून कळते, पण वाचण्याची सवय गुजराती, हिंदी, कानडी, तेलुगू किंवा इंग्रजीची. आजी मिशीच्या प्रसंगाला हसते, नातू वेशांतराला हसतो, आणि मिशीचे काय ते आजीला सांगावे लागते. हे संभाषण पाठ्यपुस्तकातून घडवता येत नाही. ते घडायचे बंद झाले की भाषा घरात राहते, पण तिच्यातला दुसरा थर निघून जातो. सूचनांपुरती आणि जेवणाखाण्यापुरती मराठी उरते, हसण्यापुरती उरत नाही.

म्हणून वितरकाची वाट पाहण्यापेक्षा फाळक्यांचा मार्ग बरा. ते केवळ निर्माते नव्हते, प्रदर्शकही होते. यंत्र आणि पडदा घेऊन ते गावोगाव हिंडले. आपल्याकडे महाराष्ट्र मंडळे आहेत, वाचनालये आहेत, मराठी शिकवणाऱ्या शाळा आणि विभाग आहेत. प्रदर्शनाच्या आधी तिकिटांची हमी देऊन चित्रपटगृहाकडून संध्याकाळचा एक खेळ मागता येतो. निर्मात्याची रीतसर परवानगी घेऊन सभागृहात प्रयोग ठेवता येतो. सबटायटल असलेली प्रतच मागवावी. तीत कमीपणा नाही. तिच्यामुळे अर्धवट मराठी कळणारी मुले आणि मराठी न जाणणारे शेजारीही येऊ शकतात. जाहिरात मात्र गावाप्रमाणे लिहावी. बडोद्यात ‘आपल्या कलाभवनाचा विद्यार्थी पहिला चित्रपट काढतो’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे. ते पूर्णपणे खरेही आहे, दोन मैलांचा आधार घ्यावा लागत नाही.

५. वर्गासाठी चार उपक्रम

शिक्षकांनी हा चित्रपट दाखवल्यावर पुढील उपक्रम करून घ्यावेत. माध्यमिक वर्गांपासून पदव्युत्तर वर्गांपर्यंत पातळी बदलून ते घेता येतील.

पहिला उपक्रम हशाच्या नोंदीचा. विद्यार्थ्यांनी आपण कोठे हसलो ते चित्रपट पाहताना लिहून ठेवावे. नंतर प्रत्येक नोंदीपुढे ‘कृती’ किंवा ‘भाषा’ असे लिहावे. ज्या घरांत मराठी अधिक बोलली जाते तेथील विद्यार्थ्यांच्या नोंदी वेगळ्या आहेत का, ते पाहावे.

दुसरा भाषांतराचा. कोणताही एक मिनिटभराचा संवाद घेऊन त्याचे सबटायटल तयार करावे. एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळी नकोत. विनोदाचा शब्द शेवटी राहिला पाहिजे, ही अट. हिंदी किंवा गुजरातीत केलेले भाषांतर आणि इंग्रजीत केलेले भाषांतर यांची तुलना करावी. क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषांत काम किती सोपे होते, ते आपोआप दिसेल.

तिसरा शब्दांचा. पुराणातील किंवा इतिहासातील व्यक्तींची नावे बोलीत उपरोधाने कशी येतात, त्यांची यादी करावी. हरिश्चंद्र, कर्ण, नारद, कुंभकर्ण यांपासून सुरुवात करता येईल. आपल्या गावच्या मराठीत शेजारच्या भाषेतून आलेली अशी नावे असतील, तर ती आवर्जून नोंदवावीत.

चौथा जाहिरातीचा. चित्रपट आपल्या गावात लागणार आहे असे समजून तीन वाक्यांची जाहिरात लिहावी. त्यात एक खरा आकडा असावा आणि आपल्या गावाशी असलेला एक खरा संबंध असावा. वर्गाने मत द्यावे, पण चांगल्या भाषेला नव्हे. कोणती जाहिरात वाचून आपण घरच्यांना घेऊन जाऊ, ते सांगावे.

समारोप

‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’चा प्रवास तीन टप्प्यांचा आहे. महोत्सवाने त्याला नाव दिले आणि वितरकाने पडदा दिला. तिसरा टप्पा, म्हणजे महाराष्ट्राबाहेरच्या मराठी प्रेक्षकापर्यंत पोहोचणे, कोणा एकाकडे सोपवलेला नाही. म्हणून तो आपलाच आहे. सुरतेतला तो पहिल्या दिवसाचा ३ रुपयांचा गल्ला पाहून फाळके मुंबईला परतले असते, तर कोणी त्यांना दोष दिला नसता. त्यांनी बसून जाहिरात पुन्हा लिहिली. पुढचा चांगला मराठी विनोदी चित्रपट येईल तेव्हा आपल्या गावच्या एका संध्याकाळच्या खेळासाठी आपण तेवढे केले, तरी बरेच साधेल.